बायकांची अर्धी पट्टी

मामांच्या घरात मशीन लागलं की बाकी सगळं बंद व्हायचं. खालून, दवाखान्यातून, मामा ओरडायचे, "मिक्सर बंद!" आणि वर स्वयंपाकघरात मामीचा हात बटणाकडे जायचा, भांड्यात खोबरं अर्धंच वाटलेलं असो, नाहीतर लसूण नुकताच फिरायला लागलेला असो. पाठोपाठ पंखे, माडीवरचा रेडिओ, जिन्यातली ट्यूब. शेजारच्या पिठाच्या गिरणीवर आपला हुकूम चालत नाही याचं मामांना मनापासून वाईट वाटायचं. कारण असं, की हृदयातून निघणारी वीज फार थोडी असते, आणि घरातल्या तारांमधली वीज त्या मशीनमध्ये शिरली की कागदावरची रेघ केसाळ सुरवंटासारखी जाडजूड उमटते. हे खरंच होतं. मामा सांगायचे त्यातलं बरंचसं खरं असायचं. नुसताच खोटा माणूस असता तर त्याला सोडून देता आलं असतं. अर्धं जाणणारा आणि पूर्ण जाणल्यासारखा वागणारा माणूस रोज ताटाला ताट लावून जेवायला असला, की त्याचं काय करायचं ते कळत नाही. मी त्यांच्याकडे नुसतं बघत राहायचे. ते मला लाजाळू समजायचे.

लाजाळू मी होतेच. साताऱ्याला कॉन्व्हेंटात मराठी बोललं की शिक्षा आणि गल्लीत इंग्रजी बोललं की टिंगल, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले होते. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर सुरक्षा बघायला लागले. घरातही ते तेच काम करत. सांगलीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा हॉस्टेलचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला, "सख्खा मामा डॉक्टर असताना पोरगी खाणावळीत जेवणार?" मग त्यांची काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आणि पलटण तशीच ठेवून, एसटीच्या टपावर चढली आणि मी मामांच्या माडीवरच्या मागच्या खोलीत आले. तिथे मी शिक्षण संपेपर्यंत राहिले. त्या घराच्या खर्चात माझी भर म्हणजे माझं इंग्रजी होतं. पाहुणे आले की मामा मला हाक मारायचे आणि म्हणायचे, "नंदा, सांग बघू हृदयाच्या झडपांची नावं." मी नावं सांगायची. पाहुण्यांना त्यातलं काही कळायचं नाही, पण ते मान डोलवायचे, आणि मामा असं हसायचे की जणू झडपा त्यांनीच बसवल्या होत्या.

मशीन म्हणजे कार्डिओग्रामचं. ते मामांनी मुंबईहून आणलं होतं आणि त्या भागात तेव्हा अशी मशिनं फारशी नव्हती. राखी रंगाची पेटी, वर चामड्याची मूठ, आत एक तापलेली सुई. ती सुई कागदावर खर्र आवाज करत चालायची आणि अरुंद लांबलचक पट्टी बाहेर यायची. म्हणून लोक त्याला पट्टी काढणं म्हणायचे. तासगावहून, जतहून माणसं यायची, गुडघा दुखत असला तरी म्हणायची, "डॉक्टर, एकदा पट्टी काढाच." काढली की उठताना म्हणायची, "लय हलकं वाटतंय बघा." मामा यावर कधी काही बोलले नाहीत. हलकं वाटू द्यायचे. मशीन चालू नसेल तेव्हा त्याच्यावर मामीने विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा आणि खंडेनवमीला झेंडूची माळ. मामीला त्या मशीनमधलं एवढंच ठाऊक होतं, की ते लागलं की आपण थांबायचं.

आता या प्रकरणाचा खरा विषय. पट्टी पूर्ण काढायची तर हाताच्या मनगटांना आणि पायांच्या घोट्यांना तारा जोडलेल्या चार पट्ट्या बांधतात, आणि मग एक रबरी फुगा असलेली वाटी छातीवर सहा जागी एकेक करून लावतात. हातापायांच्या तारा हृदयाकडे बाजूंनी आणि खालून बघतात. समोरून, म्हणजे छातीच्या हाडामागून डाव्या कुशीपर्यंत, बघायचं काम त्या सहा जागांचं. मामा पुरुषांची पट्टी पूर्ण काढायचे. बायकांची अर्धी. मनगटं, घोटे, झालं. साडी नीट करायची, उतरायचं. फी मात्र पुरी. मी तिसऱ्या वर्षाला गेल्यावर, वॉर्डात पूर्ण पट्ट्या बघायला लागल्यावर, एकदा जेवताना विचारलं होतं. मी आपणहून विचारलेल्या थोड्या प्रश्नांपैकी तो एक. मामांनी भाताचं आळं करत सांगितलं, "नंदा, पुस्तक वेगळं आणि समाज वेगळा. आपल्याकडची बाई छाती उघडी टाकणार नाही. मर्यादा असते." मामी त्या वेळी आमटी वाढत होती. मामांनी एवढ्या वर्षांत एकाही बाईला विचारलं नव्हतं. स्वतःच्या बायकोला तर नाहीच, आणि ती तर पळी घेऊन समोरच उभी होती.

रविवारी सकाळी दवाखान्याच्या पुढच्या खोलीत आपत्कालीन उपचारांचा वर्ग भरायचा. कुठल्याशा मंडळाने तो मामांच्या गळ्यात घातला, असं मामा सांगायचे. प्रत्यक्षात मामांनी त्या मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी वर्षभर फेऱ्या मारल्या होत्या. वर्गाला ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, साखर कारखान्याच्या दवाखान्यातले मदतनीस, काही होमगार्ड आणि एकुलती एक बाई, मिरजेच्या बाजूच्या एका गावातली अंगणवाडीची सुमनताई. नऊवारी नेसलेली, पायात पुरुषी चपला, मांडीवर पिशवी. भिंतीवर हृदयाचं मोठं चित्र असायचं. ते मी पेन्सिलने काढलं होतं. मामांनी ते रंगवायला पाट्या रंगवणाऱ्याकडे दिलं, त्याने ते इतकं लालभडक केलं की कुणालाही वाटावं सिनेमा लागलाय, वर एक चकाकीचा पांढरा ठिपका दिला आणि खालच्या कोपऱ्यात स्वतःची सही केली.

मामांचं व्याख्यान मला पाठ झालं होतं. "हृदय म्हणजे काय? दुमजली घर. हे आपलं घर आहे ना, तसंच. वर दोन खोल्या, खाली दोन. वर रक्त येतं आणि निवांत बसतं. खालच्या खोल्या कष्टाच्या. उजवीकडची फुप्फुसाला रक्त पाठवते, डावीकडची साऱ्या शरीराला. म्हणून डावीकडची भिंत जाड." इथे ते ट्रेमधलं बकऱ्याचं हृदय उचलून कापायचे आणि भिंतीची जाडी दाखवायचे. ट्रे धरायची मी. घर शाकाहारी, त्यामुळे कंपाउंडर ते वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या दाराने आणायचा आणि तो ट्रे अंगणातल्या नळावरच धुतला जायचा. "आणि या सगळ्याला हुकूम देणारा मालक कुठे बसतो? वरच्या मजल्यावर, उजव्या खोलीच्या कोपऱ्यात. एवढीशी गाठ. तिने इशारा दिल्याशिवाय घरात पान हलत नाही." तेव्हा मामा नकळत आपल्या छातीला हात लावायचे. त्या घरात वरच्या मजल्यावर उजव्या कोपऱ्यात स्वयंपाकघर होतं. कष्ट वर चालायचे आणि बसणं खाली, हे वर्गातल्या कुणालाही चहा येतो त्या जिन्याकडे बघून कळलं असतं.

आता मी स्वतः अशाच वर्गांत मुलांना शिकवते, आणि उपमा देत नाही. उपमा देणाऱ्याला विषयापेक्षा स्वतःचं घर दाखवायचं असतं, असं माझं मत बनलं आहे. साधं सांगितलं तरी मुलांना समजतं. वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक पुंजका आहे. तो आपणहून, ठरावीक ठेक्याने विजेचा इशारा सोडतो. इशारा वरच्या दोन्ही कप्प्यांवरून पसरतो, ते आवळतात, पट्टीवर पहिला छोटा उंचवटा येतो. मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये तो इशारा क्षणभर अडवला जातो, कारण वरचे रिकामे व्हायच्या आत खालचे आवळले तर रक्त जाणार कुठे? नंतर तो तारांच्या जुडग्यातून डावीकडे-उजवीकडे झपाट्याने खाली जातो, खालचे कप्पे आवळतात, पट्टीवर उंच टोकदार सुळका येतो. सुळका उतरला की रेघ पुन्हा मूळ पातळीवर यायला हवी, आणि मग येणारा शेवटचा उंचवटा म्हणजे स्नायू पुढच्या खेपेसाठी तयार होतो आहे. ठोक्याचे जे दोन आवाज ऐकू येतात ते झडपा मिटण्याचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मामा घाईत शेवटी सांगायचे किंवा चहा आला तर सांगायचेच नाहीत: हृदयातून एवढं रक्त जातं, पण त्यातलं हृदयाच्या वाट्याला तसं काही येत नाही. त्याला स्वतःचं पोट भरायला बाहेरून गेलेल्या बारीक रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं. त्यातली एक समोरच्या भिंतीवरून खाली उतरते. ती तुंबली तर समोरची भिंत मरायला लागते, आणि ते बघायचं तर समोरून बघावं लागतं.

त्या रविवारी मंडळाचे अध्यक्ष जेवायला येणार होते. मामीने पहाटेच कृष्णाकाठची वांगी आणवली होती, लहान, चकचकीत, भरल्या वांग्यांसाठी. मी न्याहारीला गेले तेव्हा ती दाण्यांचं कूट करत होती आणि मधूनमधून जबडा चोळत होती. "दाढ ठणकतेय," ती म्हणाली. मग म्हणाली, डावा हातही भरून आलाय, रात्री कुशीवर झोपले असेन. मान घामाने ओली होती आणि पंखा तर चालू होता. मी खाली जाऊन मामांना सांगितलं. मामांना उशीर झाला होता, पण मशीन काढायचं निमित्त त्यांना कधी उशिराचं वाटलं नाही. मामीला टेबलावर झोपवलं, मनगटांना आणि घोट्यांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या लावल्या, खर्र, खर्र. पट्टी उजेडात धरून मामा म्हणाले, "स्वच्छ. पित्त आहे. वांग्यांचा वास बसलाय डोक्यात." मीही पट्टी बघितली. ठोके जरा भरभर होते, एवढंच. त्यांनी तिला एक गोळी चघळायला दिली. मामी टेबलावरून उतरली, पदर सावरला आणि जिन्याकडे गेली. दोन-तीन पायऱ्यांवर ती थांबून कठड्याला टेकली, तेव्हा मामा भिंतीवरचं चित्र सरळ करत होते.

वर्ग भरला. अध्यक्ष लवकर येऊन पहिल्या खुर्चीवर बसले होते, म्हणून मामांनी त्या दिवशी दुमजली घर दुप्पट लांबवलं. मग प्रात्यक्षिक. एका संस्थेच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर होता, जुना तालमीतला गडी, त्याला सगळे पैलवानच म्हणायचे. त्याला शर्ट काढून टेबलावर झोपवलं. मामा जिन्याकडे तोंड करून ओरडले, "मिक्सर बंद!" वरची घरघर थांबली. पैलवानाच्या छातीवर इतके केस होते की रबरी वाटी धरेना. फुगा दाबायचा, सोडायचा, वाटी टप्पकन खाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आधी न्हावी बोलवा गड्या." वर्ग हसला, पैलवानही हसला आणि सुई पार कागदाबाहेर गेली. मामा चिडले. शेवटी कंपाउंडरने वस्तरा आणून छातीवर सहा टिकल्यांएवढ्या जागा साफ केल्या आणि पट्टी निघाली.

सुमनताई हे सगळं शांतपणे बघत होती. तिने हात वर केला. "आवं डॉक्टर, बायामाणसाला बी ह्यो फुगा लावायचा का?"

"नाही, नाही," मामा म्हणाले. "बायकांना हातापायांचं पुरतं."

"म्हंजी आमचं काळीज हातापायात असतंय व्हय?"

खोली हसली. अध्यक्षही हसले. मामांनी मर्यादा, समाज, पुस्तक हे सगळं क्रमाने सांगितलं. सुमनताई ऐकून घेत म्हणाली, "व्हय, व्हय, असंल," आणि तिने पिशवीचे बंद असे आवळले की त्या माणसाशी तिचं बोलणं संपलं हे मला कळलं. मी ट्रे धरून उभी होते. ट्रेमध्ये ते कापलेलं हृदय होतं, समोरची भिंत माझ्याकडे, तिच्यावरून उतरणारी ती बारीक रक्तवाहिनी चरबीत अर्धी लपलेली. जबडा, डावा हात, घाम. मी आठवड्यापूर्वीच वॉर्डात एका माणसाच्या तोंडून हे असंच्या असं ऐकलं होतं, आणि त्याची हातापायांची पट्टीही जवळजवळ स्वच्छ होती. मग मला दुसरी गोष्ट जाणवली. प्रात्यक्षिक संपलं होतं, मामांचं "चालू करा" असं केव्हाच ओरडून झालं होतं, पंखा फिरायला लागला होता. मिक्सर सुरू झाला नव्हता.

मी ट्रे अध्यक्षांच्या मांडीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि वर गेले. मामी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, पाय लांब करून. इतक्या वर्षांत मी तिला पाय लांब करून बसलेली पाहिली नव्हती. चेहरा राखेसारखा, ओठांवर घाम. "काही नाही गं," ती म्हणाली. "वांगी राहिलीत." मी तिची नाडी धरली आणि मग जिन्यावरून खाली आले. तोपर्यंत वर्गासमोर मी झडपांच्या नावांपलीकडे काही बोलले नव्हते.

"मामा, मशीन वर हवंय."

"आत्ता? काढली ना तिची मघाशी."

"अर्धी काढलीय."

मामांनी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, पाहुण्यांसमोर भाजी करपल्यावर यजमानाच्या चेहऱ्यावर येतं ते होतं. "नंदा, वर्ग चालू आहे," ते इंग्रजीत म्हणाले. माझ्याशी ते रागावले की इंग्रजीत बोलायचे. मी मशीनची मूठ धरली, पेटी जड होती, ती टेबलावरून उतरवताना दुसऱ्या बाजूने कुणीतरी उचलली. सुमनताई. "चला बाई," ती म्हणाली.

वर तिने न सांगता खिडकी लावून घेतली आणि दाराकडे पाठ करून उभी राहिली. मी पंखा, ट्यूब, फ्रिज सगळं बंद केलं. हातापायांच्या पट्ट्या बांधल्या. मग मी म्हटलं, "मामी, ब्लाउज..." आणि पुढचं वाक्य मला सुचेना. मराठीतही नाही, इंग्रजीतही नाही. मामीची बोटं तोवर हुकांवर गेली होती. "काढते की. त्यात काय." हुक काढताना तिला धाप लागत होती. "एवढंच होतं तर मघाशी का नाही सांगितलं?"

त्या वाक्याची मला आजही चीड येते, आणि ती मामीची नाही. सगळी मर्यादा, सगळा समाज, पुस्तक वेगळं आणि आपल्याकडची बाई वेगळी, हे सगळं त्या चार हुकांपाशी संपलं होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पहिल्या जागेवर वाटी लावली. सुई चालली. दुसऱ्या जागेवर सुळका उतरला आणि रेघ खाली आलीच नाही. ती वरच राहिली, फुगून, उंटाच्या पाठीसारखी, आणि तिसऱ्या जागेवर त्याहून वर. चौथ्यावरही. कागद माझ्या मांडीवर पडत होता आणि मला बाकीच्या जागांची गरज उरली नव्हती, तरी मी त्या लावल्या, कारण पूर्ण म्हणजे पूर्ण. सुमनताईने विचारलं, "वाईट हाय का?" मी होकारार्थी मान हलवली. तिने मामीचाच पदर ओढून तिचं अंग झाकलं आणि जिन्यात जाऊन आवाज दिला, "पैलवान, गाडी काढा."

मामा वर आले. त्यांनी पट्टी घेतली, खिडकी उघडली, उजेडात धरली. बराच वेळ धरली. "घामाने असं येतं कधीकधी," ते म्हणाले. "वायर हलली असेल." मी दवाखान्यात जाऊन ॲस्पिरिनची गोळी आणली आणि मामीला चावायला दिली. मामा म्हणाले, "बरं, नेऊ या. पण उगाच गाजावाजा नको. जिना उतरेल ती हळूहळू, अध्यक्ष आहेत खाली."

"आवं," सुमनताई म्हणाली, "तुमीच मागल्या रव्वारी शिकवलंत न्हवं, असल्या माणसाला एक पाऊल चालवायचं न्हाई म्हून?"

मामीला दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून खाली नेलं. पुढे एक होमगार्ड, मागे कारखान्याचा मदतनीस, आणि कठडा धरून सुमनताई. वर्गात जे कापडी बाहुल्यावर शिकवलं होतं ते त्यांनी नीट केलं. मामांच्या शिकवण्याचं एवढं श्रेय मी मोकळ्या मनाने देते. अध्यक्ष हातात चहाची बशी घेऊन बाजूला झाले. पैलवान शर्टाची बटणं न लावताच गाडी चालवत होता, छातीवर वाटीचे लाल गोल वळ उठलेले. मामी माझा हात धरून पडली होती. गणपतीच्या देवळाच्या वळणावर ती म्हणाली, "गॅस बंद केलास का?" तेवढंच.

सरकारी दवाखान्यात तातडीच्या खोलीतला तरुण डॉक्टर पट्टी बघून लगेच उठला. गुठळी विरघळवणारं औषध तेव्हा फार थोड्या ठिकाणी मिळायचं, तिथे होतं. सलाइनमधून ते जाईपर्यंत मी तिच्या उशाशी उभी होते आणि पडद्यावरची हिरवी रेघ बघत होते. तो डॉक्टर म्हणाला, "वेळेत आणलंत. हातापायांची नुसती बघितली असती तर घरीच ठेवलं असतं." मग त्याने विचारलं, "ही पट्टी कुणी काढली?"

मामा माझ्या शेजारी होते. "आमच्याकडचीच आहे," ते म्हणाले. "आमचं मशीन." आणि थोड्या वेळाने, डॉक्टर तोंडाकडे बघतच राहिला म्हणून, "मीच. मला पहिल्यापासून शंका होती."

मी काही बोलले नाही. लाजेने नाही. त्या माणसाला उत्तर देण्याइतकाही मान मला द्यायचा नव्हता.

मामी वाचली. संध्याकाळी तिचा रंग परत आला आणि तिने भडंग मागितला, तो अर्थातच मिळाला नाही. घरी आल्यावर बरेच दिवस तिला पडून राहायचं होतं, तेव्हा स्वयंपाक मी केला, वाईट केला, आणि मामा तो न बोलता जेवले. वर्ग मात्र एकही रविवार चुकला नाही. ती पट्टी मामांनी पुठ्ठ्यावर चिकटवली आणि हृदयाच्या चित्राशेजारी टांगली. "हे आमच्या घरचंच उदाहरण," ते सांगायचे. "मी जरा जरी गाफील राहिलो असतो..." एवढं बोलून ते डोळे मिटायचे. सुमनताई पुन्हा वर्गाला आली नाही. अध्यक्ष गावभर सांगत फिरले की त्यांच्या डोळ्यांदेखत एका डॉक्टरने स्वतःच्या बायकोचा जीव वाचवला. साताऱ्याहून वडिलांचा फोन आला, ते म्हणाले, "बघ, सख्ख्या मामाच्या घरी राहिल्याने काय काय शिकायला मिळतं." आणि मामांच्या दवाखान्यात बायकांच्या पट्ट्या अजून तशाच निघत होत्या. मनगटं, घोटे, खर्र, साडी नीट करा, उतरा. मी माडीवरून तो आवाज ऐकायचे. पुरुषांचा आवाज लांब चालायचा, बायकांचा लवकर थांबायचा.

पुढच्या महिन्यातल्या एका सकाळी मामी उठली, कठडा धरून एकेक पायरी खाली गेली. हातात हातोडी, दोन खिळे, दोरी आणि घडी केलेली एक साडी, हिरवी, त्या रविवारी नेसलेली. तिला जड काम करायची मनाई होती म्हणून खिळे मी ठोकले. टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत, डोक्याच्या वर. दोरी बांधली, साडी टाकली, आणि टेबल झाकलं गेलं. सगळ्याला एक कप चहाएवढा वेळ लागला असेल.

मामा आंघोळ करून आले. "हे काय?"

"पडदा," मामी म्हणाली.

पहिलीच रोगी एक म्हातारी होती, सुनेने आणलेली, छातीत भरून येतं म्हणणारी. मामांनी तिला पडद्याआड झोपवलं. मामीही आत गेली. मी बाहेर सुनेजवळ उभी राहिले. मनगटं झाली, घोटे झाले, मामांनी सवयीने जिन्याकडे मान वळवून हाक दिली, "मिक्सर बंद!"

"बंदच आहे," पडद्याआडून मामीचा आवाज आला. "मी इथे आहे. पुरी काढा."

रबरी फुगा दाबल्याचा फुस्स आवाज आला. मग सुई चालायला लागली, आणि ती लवकर थांबली नाही.